ॲट पोस्ट खानदेश

शेजारचे आप्पा संध्याकाळी नेमकी चहाची वेळ साधून आले आणि येताना नातवाला पुढे घालून आले. नातू नवा कोरा इंजिनिअर. कॅनडातल्या कुठल्याशा कंपनीला अर्ज करायचा म्हणून स्वतःबद्दल पानभर मजकूर लिहून आणलेला. पहिलंच वाक्य, 'आय वॉज बॉर्न', मग बोटभर मोकळी जागा, मग 'असोदा'.

"सर, या मोकळ्या जागेत काय टाकू? इन, ॲट की ऑन?"

जळगावच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो. या तीन पिटुकल्या शब्दांनी जेवढा छळ केला तेवढा इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांनीही केला नाही. तरी मास्तरकी अंगात मुरलेली. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "ॲट."

"का?" आप्पांनी विचारलं. आप्पा कुठल्याही गोष्टीला आधी 'का' विचारतात, मग बशीत चहा ओततात.

मी नियम सांगितला. आमच्या पिढीचं ग्रामर रेन आणि मार्टिन या जोडगोळीनं ठरवलं. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. त्यांचा नियम असा, की देश आणि मोठी शहरं यांच्या आधी 'इन' लावायचं, लहान गावं आणि खेडी यांच्या आधी 'ॲट'. म्हणजे इन मुंबई, पण ॲट असोदा.

आप्पांची बशी हवेतच थांबली. "असोदं लहान? मास्तर, बहिणाबाईचं माहेर हाये ते. जिनं शाळेचं तोंड पाह्यलं नाही, तिच्या नावाचं विद्यापीठ हाये आज. अन् तुम्ही तिच्या गावाले लहान म्हणता?"

विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव मिळालं, हे खरंच होतं. मी घाईघाईनं 'ॲट' खोडलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मग जळगाव इन की ॲट?"

"इन," मी बेसावधपणे म्हणालो.

"आणि धुळं?"

इथे मी क्षणभर थांबलो. संसारात काही थांबणी फार महाग पडतात. माझी सासुरवाडी धुळ्याची. ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला इतिहास ऐकवायला लागली. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जनं खानदेशाचं ठाणं म्हणून धुळं निवडलं आणि सरळ रेषेत नवं गाव आखलं. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, तोपर्यंत सगळा जिल्हा धुळ्याकडे बघून घड्याळ लावायचा. "तेव्हा तुमचं जळगाव ॲट होतं. आम्ही इन होतो."

मी तहाची बोलणी लावली. जळगाव आणि धुळं या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका २००३ सालीच झाल्या. तेव्हा दोन्ही गावांचा 'ॲट' जाऊन 'इन' त्याच वर्षी आला असं धरावं, असं मी सुचवलं. तह झाला, पण चहात साखर कमी पडली.

खरं सांगायचं तर नियमाचा दोष नाही. आपल्याकडे 'ॲट' हा शब्द व्याकरणातून आलाच नाही, तो पोस्टातून आला. मराठीत पत्ता लिहिताना आपण 'मु. पो.' लिहितो, मुक्काम आणि पोस्ट. त्याचं इंग्रजी झालं 'ॲट पोस्ट'. लग्नपत्रिका, बारावीचा फॉर्म, खताच्या दुकानाची पावती, सगळीकडे ॲट पोस्ट. त्यामुळे खेड्यातल्या पोराला 'ॲट' भेटतो तो गावाच्या नावाचा पहिला अर्धा भाग म्हणून. नशिराबादच्या एका विद्यार्थ्यानं मला निबंधात लिहून दिलं होतं, 'द नेम ऑफ माय व्हिलेज इज ॲट पोस्ट नशिराबाद.' मी अर्धा गुण कापला. आता वाटतं, त्याच्या गावचं नाव कापायचा मला काय अधिकार होता?

खरी गोम शब्दांच्या जागेतच आहे. मराठी माणूस आधी गावाचं नाव घेतो आणि मग 'त', 'वर', 'जवळ', 'मागे' काय ते त्याला चिकटवतो. आईच्या पदराला धरून पोर चालावं तसे आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागून चालतात. इंग्रजीत उलटं. तिथे साहेब यायच्या आधी पट्टेवाला पुढे येऊन ओरडतो, "इन!" साहेब कोण, कुठले, अजून पत्ता नाही, पण ते आत आहेत एवढं जाहीर झालेलं. आपल्याला बिचाऱ्याला तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं, की आपण जिथे आहोत ती जागा डबा आहे, पाट आहे की नुसता ठिपका. डबा असेल तर इन, पाट असेल तर ऑन, ठिपका असेल तर ॲट. आता धुळ्याच्या पाच कंदील चौकात संध्याकाळी सातला उभ्या असलेल्या माणसानं हा विचार करायचा, की मागून येणाऱ्या रिक्षापासून पाय वाचवायचे?

त्यात आपल्या 'वर'नं मांडलेला गोंधळ वेगळाच. आपण स्टँडवर थांबतो, नदीवर धुणं नेतो, गिरणीवर दळण टाकतो, टपरीवर चहा पितो. पोरं हे सगळं इमानदारीनं भाषांतर करतात. 'माय मदर इज ऑन द वेल', 'माय फादर इज ऑन द फ्लोअर मिल', 'माय अंकल इज ऑन द हॉटेल.' पन्नास वह्या तपासल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एक वेगळाच खानदेश उभा राहायचा. आई विहिरीच्या चाकावर पाय सोडून बसलेली, वडील गिरणीच्या पत्र्यावर, काका हॉटेलच्या कौलांवर, आणि खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका धुळेकर भाच्यानं तर मित्राला चिठ्ठी लिहिली होती, 'लेट अस मीट ऑन फाइव्ह लँटर्न्स.' दोन मित्र पाच कंदिलांवर तोल सांभाळत गप्पा मारताहेत, हे चित्र माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

झाडापाशी आलं की मात्र मास्तरचाच कस लागतो. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर कडुनिंब काढला. निंबोळ्या झाडावर, म्हणून 'ऑन द ट्री'. पोपटही झाडावर, पण तो 'इन द ट्री'. मागच्या बाकावरून हात वर झाला.

"सर, दोघंबी झाडावरच हायेत ना?"

"हो. पण निंबोळी झाडाला लागलेली असते. ती झाडाची. पोपट बाहेरून येऊन पानांत बसतो."

पोरगा क्षणभर विचार करून म्हणाला, "म्हंजे घरचा बाहेर अन् पाहुणा आत?"

इंग्रजी व्याकरणाचं इतकं खानदेशी स्पष्टीकरण मी पुन्हा ऐकलं नाही. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आत पंख्याखाली गादी, आणि घरचे ओट्यावर गोधडी टाकून. त्या दिवसापासून आख्ख्या वर्गाचा पोपट कधी चुकला नाही.

वाहनांचा नियम त्याहून खट्याळ. कारमध्ये 'इन', पण बसमध्ये 'ऑन'. का, तर म्हणे ज्यात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन', आणि ज्यात अंग मुडपून बसावं लागतं त्याला 'इन'. हा नियम करणारा माणूस पारोळ्याहून एरंडोलला काळी-पिवळीनं गेला नसणार. काळी-पिवळीत नऊ जण अंग मुडपून, म्हणजे इन. तिघं मागच्या पायरीवर लोंबकळत, म्हणजे ऑन. आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. त्याच्यासाठी इंग्रजांनी शब्दच केलेला नाही. यष्टीचं म्हणाल तर गर्दीच्या दिवशी तिच्यात उभं राहता येतं पण चालता येत नाही. तेव्हा तिला अर्धं ऑन द्यावं, असं माझं मत आहे.

धुळ्याची माणसं या बाबतीत स्वतःला आमच्यापेक्षा शहाणी समजतात. त्यांच्याकडे गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. ना आत, ना वर, ना जवळ. पत्ता कसा, तर पाढ्यासारखा. "तुमच्या जळगावात कुणाला घर विचारलं तर तो आधी अर्धा तास टॉवरपासून सुरुवात करतो," ही म्हणते. खोटं नाही. टॉवर चौकाच्या अलीकडे, फुले मार्केटच्या मागे, आणि पूर्वी जिथे टॉकीज होती त्याच्या समोर. टॉकीज पडून पंधरा वर्षं झाली तरी पत्त्यात ती अजून हाउसफुल्ल.

पण गल्ल्या सोडून धुळेकर रस्त्यावर आला की त्याचीही फजिती सुरू. धुळ्यातला प्रत्येक रस्ता दुसऱ्याच गावाचं नाव लावून फिरतो. साक्री रोड, पारोळा रोड, चाळीसगाव रोड, आणि बाजारपेठेतला तो आग्रा रोड. माझ्या मेव्हणीनं पुण्याच्या जावेला फोनवर सांगितलं, "अगं, आग्रा रोडवर आहे, साडी घेतेय." जाऊबाईंनी विचारलं, "ताजमहाल बघितला का?" आम्हा जळगावकरांना हसायला जागा नाही. आमची अजिंठा चौफुली आहे जळगावातच. तिथून अजिंठ्याची लेणी साठेक किलोमीटर. परगावच्या माणसानं चौफुलीवर उतरून पद्मपाणी कुठे म्हणून विचारलं, तर त्याला फार तर पंक्चरवाला दाखवता येईल.

शहाद्याचा माणूस तर जागचा न हलताच चार ठिकाणी राहून झाला. त्याचा पणजोबा खानदेश जिल्ह्यात होता, आजोबा पश्चिम खानदेशात, वडील १९६० नंतर धुळे जिल्ह्यात, आणि १९९८ पासून तो स्वतः नंदुरबार जिल्ह्यात. घर तेच, ओटा तोच, ओट्यावरची खाटही तीच. 'इन'च्या पुढची मोकळी जागा तेवढी सरकार भरत गेलं.

'इन' आणि 'ॲट' यांतला फरक मला स्वतःला नीट कळला तो पुस्तकातून नव्हे, धुळ्याच्या तुरुंगावरून. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे. अशी अठरा प्रवचनं झाली, आणि सोबतच्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. 'गीताप्रवचने' जन्मली ती अशी. ही गोष्ट सांगून मी वर्गात विचारायचो: विनोबा तिथे, जेलरसाहेबही तिथेच, भिंतीही त्याच. मग इंग्रजीत फरक काय? विनोबा 'इन प्रिझन', आणि जेलर 'ॲट द प्रिझन'. ज्याला संध्याकाळी घरी जाता येतं तो ॲट, ज्याला जाता येत नाही तो इन.

वर्ग एका सुरात ओरडला, "सर, मग आम्ही इन स्कूल अन् तुम्ही ॲट स्कूल!"

नेमकं बरोबर होतं. इतकं बरोबर, की मला राग यायला हवा होता तो आलाच नाही.

गेल्या महिन्यात मात्र हे सगळं ज्ञान दारातच थिटं पडलं. मुलानं ऑनलाइन मागवलेला मिक्सर यायचा होता. पत्ता त्यानं इंग्रजीत टाकलेला, 'अपोझिट दत्त मंदिर'. दुपारी एकला फोन.

"सर, पार्सल आहे. मी मंदिरासमोर उभा आहे."

"मीही मंदिरासमोरच उभा आहे. दिसत नाहीस."

"मला पण तुम्ही नाही दिसून राहिले."

"अरे, समोर म्हणजे कुठे?"

"समोर म्हंजे समोर. देव दिसतोय मला."

मी रस्ता ओलांडून आत डोकावलो. पोरगा मंदिराच्या अंगणात, चपलांच्या ढिगाशेजारी, खोक्यावर हात ठेवून उभा. देव खरोखरच दिसत होता. मी रस्त्यापलीकडे माझ्या फाटकात उभा होतो, तेही समोरच. इंग्रजीनं या दोन समोरांसाठी दोन वेगळे शब्द ठेवलेत. अंगणातल्याला 'इन फ्रंट ऑफ', रस्त्यापलीकडच्याला 'अपोझिट'. मराठीत देवळाच्या समोर म्हटलं की देवही समोर आणि मास्तरही समोर.

"पण बाळा, पत्त्यात अपोझिट लिहिलंय ना?"

"म्हून तर सर मी पहिले मागच्या बाजूला गेलतो. अपोझिट म्हंजे उलटं ना? समोरचं उलटं मागे."

मी त्याला पाणी दिलं. जाताना तो आपुलकीनं म्हणाला, "पुढच्या टाइमला पत्ता नका लिहू सर. लोकेशन टाकत जा."

म्हणजे व्याकरणाची कटकटच संपली. लोकेशन टाकलं की मोबाइलच्या नकाशावर एक ठिपका येतो. ठिपका म्हणजे ॲट. आता टॉवर चौक ॲट, मेहरूणचा तलाव ॲट, महानगरपालिकाही ॲट. २००३ साली मोठ्या कष्टानं मिळवलेला 'इन' फोननं एका बोटात काढून घेतला.

हे सगळं आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग आपल्या मराठीत ॲट नाहीच का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. आहे की! सप्तमीचे प्रत्यय आपण पाठ केले होते: त, ई, आ. त्यातला हा मधला 'ई'. घरात म्हणजे चार भिंतींच्या आत, पण घरी म्हणजे 'ॲट होम'. हा 'ई' प्रत्येकाला लागत नाही. तो लागतो घरी, दारी, गावी, शेजारी, सासरी, माहेरी. बँकेला नाही, कचेरीला नाही, मॉलला तर नाहीच. इंग्रज दूरच्या लहान गावाला ठिपका समजून 'ॲट' लावतो. आपण जिथे पत्ता विचारावा लागत नाही अशा जागांनाच 'ई' लावतो.

"म्हणजे जळगावी म्हणता येतं," मी हिच्याकडे बघून म्हणालो. "धुळी म्हणून बघ. नुसती धूळ उडते."

"आम्ही 'धुळ्याला' म्हणतो," ही शांतपणे म्हणाली. "आणि उद्या मी धुळ्याला."

मराठीतला हा 'ला' फार धोक्याचा आहे. धुळ्याला जाते हेही त्यात बसतं आणि धुळ्याला राहते हेही बसतं. दोन्हींपैकी काय, ते नवऱ्याच्या वागणुकीवर ठरतं. इंग्रजीत निदान 'टू' आणि 'इन' वेगळे असल्यामुळे माणूस सावध तरी होतो. मी दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं तिच्याबरोबर यष्टीत चढलो. ऑन.

सासूबाई शुद्ध अहिराणी बोलतात. या अहिराणीचा पत्ता लिहितानाही ग्रियर्सनसाहेबांची तारांबळ उडाली असणार. भारतातल्या भाषांची मोजणी करताना त्यांनी खानदेशीला मराठीच्या खंडात घर दिलं नाही, भिल्ल भाषांच्या खंडात १९०७ साली बसवलं. अहिराणीत आतला तो 'मा', गुजरातीसारखा. गावमा, वावरमा, घरमा. पण घरी येणं किंवा घरी असणं असेल तर तोही गळून पडतो. 'भाऊ घर उना', 'भाऊ घर शे'. मागे नाही, पुढे नाही, प्रत्यय नाही, काही नाही.

हे ऐकलं आणि मला बत्तीस वर्षांच्या लाल शाईची लाज वाटली. कारण मराठी पोरं जन्मभर एक चूक करतात, 'आय गो टू होम'. मी ते 'टू' हजारदा खोडलं असेल. इंग्रजीत 'गो टू स्कूल' आणि 'गो टू मार्केट' चालतं, पण घरी जायला मध्ये कुणी लागत नाही, नुसतं 'गो होम'. माझ्या सासूबाईंनी एबीसीडी गिरवली नाही. पण त्यांचं बोलणं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं, तर या एका ठिकाणी ते माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बिनचूक निघेल. प्रमाण मराठीनं बिचाऱ्या पोरांना चुकवलं, अहिराणीनं चुकवलं नसतं.

रात्री बंगळुरूहून मुलाचा फोन आला. सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"कोठे शे रे भाऊ?"

"घर शे, आजी." आजीशी तो अहिराणीतच बोलतो.

तिनं जेवणखाण विचारलं, फोन माझ्या हातात दिला, आणि बत्तीचा खटका दाबता दाबता स्वतःशीच म्हणाली, "घर शे म्हणस. घर तं आठे शे."

आठे म्हणजे इथे. मी मास्तर माणूस. कुठे काय चुकलं ते शोधायची खोड. बराच वेळ अंधारात शोधलं. चूक सापडली नाही.

जळगावला परतलो तर आप्पा फाटकातच. नातवाचा अर्ज गेला म्हणाले. मला पहिल्या वाक्याची काळजी.

"त्या मोकळ्या जागेत काय भरलं शेवटी?"

नातवानं मोबाइल पुढे केला. पोरगा हुशार. सगळं वाक्यच त्यानं मोडून टाकलं होतं आणि तिथे लिहिलं होतं, 'माय नेटिव्ह प्लेस इज असोदा.' ना इन, ना ॲट, ना ऑन.

"नेटिव्ह प्लेस म्हंजे काय, मास्तर?" आप्पांनी विचारलं.

"मूळ गाव."

आप्पांचं समाधान झालं. बशीत चहा ओतून त्यांनी एक फुरका मारला आणि म्हणाले, "मंग बरोबर हाये. मुळाच्या आधी काय लावायचं असते? मुळाच्या आधी काही नसतेच."